बंदर शिवाजीनगर

शिवाजीनगरला राहतो म्हटलं की समोरचा मराठी माणूस हमखास विचारतो, "स्टेशनजवळ की एसटी स्टँडजवळ?" मग मला सांगावं लागतं, की पुण्याचं नव्हे, बेंगळूरचं. त्यावर "अच्छा, तिथेही आहे का?" असा उद्गार येतो, जणू पुण्याने आपलं एक जादा शिवाजीनगर बेंगळूरला कर्जाऊ दिलंय. वास्तविक १६३८ नंतर बेंगळूर ही शहाजीराजांची जहागीर होती, तेव्हा इथे शिवाजीनगर नसतं तर आश्चर्य. पण हा खुलासा मी करेपर्यंत पुढचा प्रश्न आलेला असतो. "निवृत्तीनंतर वेळ कसा जातो?"

"मोटरबोट आहे. तिची देखभाल करतो."

इथे संभाषणाला ब्रेक लागतो. पुण्याच्या शिवाजीनगरला समुद्र नाही एवढं त्या माणसाला पक्कं ठाऊक असतं. बेंगळूरच्या शिवाजीनगरबद्दल मात्र त्याला उगाच शंका यायला लागते.

नाही. इथेही नाही. बेंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर आहे. आमच्या घरापासून जवळचं मोठं पाणी म्हणजे हलसूरचा तलाव, आणि त्यात माझी बोट मावली तरी ती तिथवर चढवणार कोण? बोट गोव्याला, मांडवीच्या एका फाट्यात, रायबंदरच्या अलीकडे उभी असते. मी १९२७ साली बांधलेल्या रसेल मार्केटच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर राहतो. मधे एका रात्रीची बस.

तेहतीस वर्षं मी विमानाच्या कारखान्यात, तपासणी खात्यात काढली. काम एकच. तेल, पाणी, हवा, इंधन यांतलं काहीही, जिथून बाहेर यायचं कारण नाही तिथून येत असेल, तर त्या भागाला लाल चिठ्ठी लावायची. कित्येक इंजिनिअर माझी चिठ्ठी पाहून रडकुंडीला आलेले मी पाहिलेत. असा माणूस निवृत्त झाल्यावर बत्तीस फुटी, जुनी, फायबरची, झोपायला दोन जागा आणि उभं राहायला अर्धी जागा असलेली डिझेल बोट विकत घेतो तेव्हा त्याच्या मनात एकच विचार असतो: विमानं तपासली, तिथे ही होडगी काय!

पहिल्याच दिवशी मी इंजिनाच्या मागची फळी उचलली आणि आत पाण्याचा थेंब पडताना पाहिला. मग दुसरा. मग तिसरा. खिशात लाल चिठ्ठी नव्हती म्हणून, नाहीतर तिथेच लावली असती.

त्याचं असं आहे, इंजिन बोटीच्या आत असतं आणि पंखा बाहेर, पाण्यात. दोघांना जोडणारा शाफ्ट बोटीच्या तळातून जातो. म्हणजे पाणी आत येऊ नये म्हणून बोट बांधणाऱ्याने आधी जिवाचं रान करायचं, आणि मग पाण्याच्या पातळीखाली स्वतःच्या हाताने भोक पाडायचं! त्या भोकात शाफ्टभोवती ग्रीस लावलेल्या दोरीचे वेढे ठासून बसवतात. तिला ग्लँड दोरी म्हणतात. वरून नट आवळला की दोरी दाबली जाते. मी पाना मागितला. आमच्या तिथल्या मेस्तानं तो पाठीमागे लपवला.

"थेंबे पडपाकूच जाय, पात्रांव," तो म्हणाला. थेंब पडायलाच हवेत. शाफ्ट फिरत असताना मिनिटाला सात-आठ. तेवढ्या पाण्यानेच दोरी थंड राहते आणि शाफ्टला वंगण मिळतं. शून्य थेंब म्हणजे दोरी जळणार, शाफ्टला चर पडणार. तीस थेंब म्हणजे बोट बसणार.

मी मान डोलावली आणि तो जेवायला गेल्यावर नट पाव फेरा आवळला. तेहतीस वर्षांची सवय, हात ऐकेनात. वीस मिनिटांनी इस्त्रीखाली सुती साडी करपावी तसा वास सुटला. मेस्त परत आला, त्याने हवेत नाक फिरवलं, माझ्याकडे पाहिलं, काही बोलला नाही. त्याने नवी दोरी कापायला घेतली तेव्हा मी घड्याळ काढून थेंब मोजायला शिकलो.

बोटीला नाव आहे, पण ते आधीच्या मालकाच्या बायकोचं. जुनं नाव बदललं की अपशकुन होतो अशी दर्यावर्दी लोकांची समजूत, आणि परक्या बाईचं नाव घेऊन आपल्या नवऱ्याने पाण्यात जाणं हाच अपशकुन, अशी माझ्या बायकोची. तडजोड म्हणून कागदावर ते नाव राहिलं आणि घरात नुसतं 'ती' सुरू झालं. परिणामी, बायको गॅलरीत उभी राहून तिच्या बहिणीशी फोनवर बोलत होती तेव्हा आमच्या खालच्या मजल्यावरच्या दावणगेरेच्या मराठा काकूंनी ऐकलं ते असं: "हे गोव्याला तिच्याकडे गेलेत. हो गं, महिन्यातून दोनदा. खर्च विचारूच नकोस. आता वय झालंय तिचं, पण यांचा जीव आहे." काकू त्या संध्याकाळी कोसंबरी घेऊन वर आल्या आणि बायकोचा हात हातात धरून बराच वेळ बसल्या.

खर्चाचं मात्र खरं आहे. माझा डोंबिवलीचा मेव्हणा बोटीवर आला, सगळीकडे हात फिरवून झाला आणि मग त्याने तो प्रश्न विचारला, जो मराठी माणूस चार चाकं, दोन चाकं किंवा शून्य चाकं असलेल्या कुठल्याही वस्तूला विचारतो. "ॲव्हरेज किती देते?" मी सांगितलं, बोटीचा हिशेब किलोमीटरवर नसतो, तासावर असतो. ताशी बारा लिटर. "आणि तासात जाते किती?" सात नॉट, म्हणजे तेरा किलोमीटर. त्याने मनातल्या मनात भागाकार केला. लिटरला एक! त्यानंतर तो बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. स्मशानातून परतताना लोक जसे शेजारच्याच्या खांद्यावर हात ठेवतात तसा त्याने माझ्या खांद्यावर ठेवला.

आता हा खर्च भागवायचा कसा, तर शिवाजीनगर. लोकांना वाटतं, बोटीचा माणूस बंदरात राहायला हवा. साफ चूक. बोटीचा माणूस जुन्या बाजाराजवळ राहायला हवा. आमच्या शिवाजीनगरची गुजरी म्हणजे मेलेल्या गाड्यांचं गाव. एका दुकानात नुसते स्टार्टर, एकात नुसते रेडिएटर, तिसऱ्यात गिअर, लसणाच्या गड्ड्यांसारखे रचलेले. गल्लीत काळं तेल मुरून मुरून जमीन चामड्यासारखी झालीय. बोटीच्या इंजिनाचं गुपित असं, की ते बहुतेकदा मूळचं लॉरीचं किंवा ट्रॅक्टरचंच असतं. ब्लॉक तोच, पिस्टन तेच. फक्त थंड ठेवण्याची व्यवस्था बदलतात, काही भाग खाऱ्या पाण्याला टिकतील असे घालतात आणि नावामागे 'मरीन' हा शब्द लावतात. हा शब्द म्हणजे 'लग्नाचा' या शब्दाचा सख्खा भाऊ. साधा हॉल आणि लग्नाचा हॉल यांच्या भाड्यात जो फरक, तोच साध्या अल्टरनेटरमध्ये आणि मरीन अल्टरनेटरमध्ये.

गुजरीतल्या चाचांकडे मी पहिल्यांदा स्टार्टर घ्यायला गेलो तेव्हाचा संवाद मला पाठ आहे.

"कौन सी गाडी?"

"गाडी नहीं चाचा, बोट."

"बोट कू भी इंजन रहता?"

"रहता."

"हौ. तो पानी की लारीच हुई ना." चाचांनी ढिगातून एक स्टार्टर ओढला, बॅटरीची वायर टेकवली, तो गुरगुरला. "नक्को बोले तो वापस लाव. पानी लगा को नै लाना."

या 'नक्को'वर आणि 'लारीच'मधल्या 'च'वर माझा जीव आहे. आपलं 'नको' आणि आपला 'च' दख्खनी उर्दूत जाऊन इतके सुखाने नांदताहेत की शिवाजीनगरमध्ये घासाघीस करताना मराठी माणसाला माहेरी आल्यासारखं वाटतं. किंमत कमी होत नाही ती नाहीच.

(एक सांगून ठेवतो. गुजरीचा हा शहाणपणा डिझेल बोटीपुरता. पेट्रोलच्या बोटीला ठिणगी बाहेर न पडू देणारा खास स्टार्टर लागतो, कारण पेट्रोलची वाफ तळाशी साठून राहते. तिथे काटकसर केली तर बोट, मालक आणि काटकसर एकदमच वर जातात. स्वयंपाकाच्या गॅसचंही तेच. तो हवेपेक्षा जड, गळला की खिडकीबाहेर जात नाही, बोटीच्या पोटात उतरतो. म्हणून सिलिंडर नेहमी बाहेर, डेकवरच्या पेटीत.)

गुजरीत एकच वस्तू मिळाली नाही. इंपेलर. हे तळहातावर मावणारं रबरी फूल. त्याच्या सहा पाकळ्या फिरतात, बाहेरचं पाणी आत ओढतात आणि इंजिन थंड ठेवतात. दोन-पाचशे किलोच्या इंजिनाचा जीव या फुलात. मी ते चाचांना दाखवलं. त्यांनी पाकळी वाकवून पाहिली आणि परत दिलं. "ये लारी में नै रहता साब. लारी हवा खाती, ये पानी पीती. ये तुम समुंदर कू पूछो."

समुद्राऐवजी मी मुंबईच्या एका दुकानाला विचारलं. त्यांनी जादा इंपेलर कुरिअरने पाठवला. पत्त्यात शिवाजीनगर होतं. पुढचं तुम्ही ओळखलं असेल. पार्सल कुठल्या तरी टप्प्यावर कुणा मराठी हाताला लागलं असणार, आणि मराठी हात शिवाजीनगर वाचून बेंगळूरपर्यंत वाचत जात नाही. ते पुण्याला गेलं. तीन आठवड्यांनी माझ्या आडनावाच्या एका सद्गृहस्थांचा पुण्याहून फोन. "तुमचं एक रबरी चाक आमच्याकडे आलंय. मिक्सरचं आहे का? कारण आमच्या मिक्सरला बसत नाही." म्हणजे बसवून पाहिलं होतं!

पण त्या तीन आठवड्यांतच आम्ही मालवणला निघालो होतो. पणजीहून समुद्रमार्गे मालवण म्हणजे सुमारे पंचाहत्तर किलोमीटर. सकाळी सहाला निघालं तर दुपारी जेवायला सिंधुदुर्ग किल्ल्यासमोर. बायकोने दडपे पोहे केले, मी नकाशावर पेन्सिलीने रेघ ओढली. मांडवीच्या तोंडाशी, आग्वादचा किल्ला उजव्या हाताला असताना, इंजिनाचा भोंगा वाजला. पाणी ओढण्याच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी चिकटली होती. पिशवी काढली. पण तेवढ्या वेळात कोरड्या फिरलेल्या फुलाच्या सहापैकी पाच पाकळ्या गळून गेल्या होत्या. जादा फूल पुण्यात, मिक्सरमध्ये.

दोन तास आम्ही नांगर टाकून हेलकावे खाल्ले. बायको तोंडातून अवाक्षर काढत नव्हती, आणि माझ्या अनुभवाने सांगतो, ते हेलकाव्यांपेक्षा वाईट असतं. शेवटी एक मासेमारीची बोट परत येत होती तिने दोर फेकला. तांडेलाने आम्हाला ओढत आणताना मागे वळून विचारलं, "खंयचे तुमी?"

"बेंगळूर. शिवाजीनगर."

"थंय दर्या आसा?"

"ना."

त्याने थोडा विचार केला. "मागीर सारकें आसा," तो म्हणाला. मग ठीक आहे. सगळा उलगडा झाल्यासारखा चेहरा करून तो पुन्हा पुढे पाहू लागला.

ज्यांच्या नावाच्या नगरात मी राहतो ते फेब्रुवारी १६६५ मध्ये मालवणहून पंच्याऐंशी गलबतं आणि तीन मोठी जहाजं घेऊन निघाले आणि थेट बसरूरपर्यंत, म्हणजे आजच्या उडुपी जिल्ह्यापर्यंत गेले. परतीच्या वाटेवर उलट्या वाऱ्याने आरमार रखडवलं, असं इतिहासकारांनी नोंदवलंय. हे वाचून मला फार बरं वाटतं. अर्थात त्यांना वाऱ्याने रखडवलं होतं, पिशवीने नव्हे. आणि आमच्या फाट्यातून वरच्या अंगाला गेलं की दिवाड बेट लागतं. तिथे रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात 'म्हादेई' बांधली गेली. ती छप्पन्न फुटी शिडाची बोट घेऊन नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये पृथ्वीला वळसा घालून परत आले. नऊ महिने. तेवढ्याच काळात मी ग्लँड दोरी चार वेळा बदललीय. मालवण अजून बाकी आहे.

म्हणून आम्ही जाणं सोडून राहणं धरलं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तीन-तीन आठवडे बोटीवर राहतो. "कुठे फिरता?" असं लोक विचारतात. कुठेही नाही. भरतीला दोन मीटर वर जातो, ओहोटीला दोन मीटर खाली येतो. दिवसातून दोनदा. एवढा प्रवास पुरतो.

बोटीवर राहणं अवघड आहे असं कुणी सांगितलं तर तो माणूस चाळीत राहिलेला नाही, एवढंच समजावं. माझं बालपण गिरगावात दहा बाय बाराच्या खोलीत सात जणांत गेलं. झोपायची जागा म्हणजे दिवसा बसायची जागा, तिच्याखाली सामान, एक माणूस उठला की दुसऱ्याने वळायचं, हे सगळं मला पाठ होतं. पुढच्या टोकाला झोपायची जागा त्रिकोणी असते. डोकी दोन कोपऱ्यांत आणि पाय एका ठिकाणी. चाळीस वर्षांच्या संसारात आमची मतं इतकी कधी जुळली नव्हती जितके तिथे पाय जुळतात.

पाण्याचं तर बायकोने मलाच शिकवलं. टाकी तीनशे लिटरची. गोव्याचे बोटवाले पाहुण्यांना पाणी जपून वापरायचं व्याख्यान देतात. आम्ही बेंगळूरचे. आमचं कावेरीचं पाणी शंभर किलोमीटरवरून, पाचशेक मीटर चढ चढून दमून आलेलं असतं आणि उन्हाळ्यात तेही येत नाही. टँकरची वाट बघत मोठी झालेली गृहिणी तीनशे लिटरमध्ये दोन माणसं पंधरा दिवस आरामात काढते. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, ते पाणी डेकला, आणि डेकवरून खाली समुद्राला, नाइलाजाने.

घोळ झाला तो कुकरचा. समुद्रावरच्या नियमांत शिट्ट्यांना अर्थ असतो. एक छोटी शिट्टी म्हणजे मी उजवीकडे वळतोय, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे माझं इंजिन मागे चाललंय. संध्याकाळी बायकोने वरण-भाताचा कुकर लावला आणि रीतसर तीन शिट्ट्या दिल्या. आमच्या मागे जाळं आवरत बसलेल्या होडीवाल्याने चटकन वल्हं मारून होडी बाजूला घेतली आणि आमच्याकडे बघत राहिला. आम्ही नांगरावर, तसूभर हललो नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी राजमा होता. पाच शिट्ट्या. आणि पाच छोट्या शिट्ट्यांचा अर्थ होतो, तुझा इरादा काय आहे ते मला कळत नाही. नेमकी त्याच वेळी खनिजाने भरलेली एक बार्ज जात होती. तिने भोंगा वाजवून उत्तर दिलं. बायको म्हणाली, "बघा, त्यांच्याकडेही राजमाच दिसतोय."

जूनच्या आत सगळं थांबतं. मासेमारीही १ जून ते ३१ जुलै बंद असते. बोट क्रेनने उचलून यार्डात लाकडी ठोकळ्यांवर ठेवतात आणि मग तिचा तळ बघायची वेळ येते. वर्षभर पाण्यात राहिलेल्या तळावर बार्नॅकलचे थर असतात, पांढरे, धारदार, ज्वालामुखीच्या आकाराचे छोटे डोंगर. एकेक खरवडून काढावा लागतो. काढला तरी तळाशी बारक्या बांगडीएवढी पांढरी चकती उरते आणि ती नखाने, पत्र्याने, शिव्यांनी, कशानेच निघत नाही. तांब्याचा अंश असलेला रंग दिला की ते कमी चिकटतात, एका हंगामापुरते. पहिल्या वर्षी खरवडायला मी घरातलं स्टीलचं उलथनं नेलं होतं. ते आता बोटीवरच राहतं. घरात त्याचा विषय काढायचा नसतो.

मग जस्त. पितळी पंखा आणि स्टीलचा शाफ्ट खाऱ्या पाण्यात शेजारी शेजारी ठेवले की त्यांची बॅटरी होते आणि एक धातू दुसऱ्याला खायला लागतो. उपाय म्हणून शाफ्टवर जस्ताचा एक गोळा बसवतात. पाणी आधी त्याला खातं, बाकीचे शाबूत राहतात. अर्धा झिजला की बदलायचा. मी जुना गोळा खिशात घालून घरी आणला आणि बायकोला दाखवला. वाळवी लागल्यासारखा पोखरलेला, हलका झालेला. तिने तो हातात फिरवून पाहिला. "आमच्याकडे थोरल्या आत्या अशा होत्या," ती म्हणाली, आणि तो गोळा आमच्या शोकेसमध्ये, माझ्या पंचवीस वर्षांच्या सेवेबद्दल मिळालेल्या घड्याळाशेजारी ठेवला.

बोट पुन्हा पाण्यात जाते ती सप्टेंबरात. नेमक्या त्याच सुमारास, ८ सप्टेंबरला, आमच्या शिवाजीनगरच्या सेंट मेरी बॅसिलिकाची जत्रा भरते. भगव्या साड्यांनी रस्ते भरून जातात, रथ निघतो, आणि आमच्या गल्लीत दूधवाल्यालाही शिरता येत नाही. याच मेरीचं रूप असलेली वेलांकणीची माउली म्हणजे वादळात सापडलेल्या पोर्तुगीज खलाशांना किनाऱ्याला लावणारी. ते किनाऱ्याला लागले तो दिवसही ८ सप्टेंबर, असं सांगतात. दर्यावर्द्यांची देवी समुद्रापासून इतक्या दूर, नऊशे मीटर उंचीवर येऊन राहिलीय हे कळल्यापासून मला एकटं वाटत नाही. वांद्र्याच्या माऊंट मेरीला मेणाचे हात, पाय, घरं मिळतात तसं काही मिळेल म्हणून यंदा मी फुटपाथवरच्या बाईला विचारलं, बोट आहे का? नव्हती. इंजिन? तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि एक साधी मेणबत्ती दिली. लावली.

परवा रात्री गोव्याहून आलो. बोट पाण्यात होती, ग्लँड सात थेंबांवर लावून आलो होतो. मध्यरात्री जाग आली. मोरीतला नळ गळत होता. तेहतीस वर्षं ज्या आवाजाने मी ताडकन उठलो असतो तो आवाज ऐकत मी अंथरुणात पडून राहिलो. टप्. टप्. उठून वॉशर बदलायला हवा, बादलीखाली तांब्या... नव्हे, नळाखाली बादली तरी ठेवायला हवी, असं मनात येत होतं. कूस बदलली. उशाजवळचं घड्याळ घ्यायला हात लांब केला.

"आठ आहेत," अंधारातून बायको म्हणाली. "मोजलेत मी. बादली ठेवलीय. झोपा."